बातमीवाल्या सिस्टर

आमच्या सिस्टरांना कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात खरी वाटत नसे. "शाळेमागं साप निघालाय" असं ओरडत कुणी वर्गात शिरलं, तर दुसऱ्या बाई आधी साडी सावरून खुर्चीवर चढल्या असत्या. सिस्टर हातातला खडू खाली ठेवत आणि शांतपणे विचारत, "पाहिलंस का ऐकलंस?" ऐकलं म्हटलं की खडू परत हातात. पाहिलं म्हटलं की पुढचे प्रश्न सुरू. कुठं, केवढा, कुणीकडं गेला, आणि तू त्या वेळी तिथं काय करत होतास? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक साप आपणहून बिळात परत जात.

मुरुम शहराजवळच्या आमच्या गावात मिशनची शाळा होती, पाचवी ते आठवी. शाळेला लागूनच सिस्टर लोकांचं कॉन्व्हेंट आणि छोटंसं चर्च. मुलं मात्र सगळी आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची, आमच्यासारखी शेतकऱ्यांची. आमच्या सिस्टर मूळच्या केरळच्या. मराठी त्या आम्हा पोरांकडून शिकल्या, त्यामुळे पुस्तकातलं मराठी त्या वाचत आणि आमचं मराठी बोलत. एकदा तपासणीला शिक्षण खात्यातले साहेब आले होते. सिस्टर दारात जाऊन म्हणाल्या, "या की सायेब, लई उन्हाचं आलाव. बसा, पाणी घ्या." साहेबांनी त्यांची राखाडी साडी पाहिली, गळ्यातला क्रूस पाहिला आणि दोन घोट पाणी पिऊन गाव कोणतं म्हणून विचारलं. सिस्टरांनी आमच्याच गावाचं नाव सांगितलं.

सकाळची प्रार्थना झाली की पहिल्या तासाआधी बातमी असे. वर्गाच्या मागच्या भिंतीला एक जुना फळा होता, तो फक्त बातमीचा. रोज एका मुलानं उठायचं, बातमी सांगायची आणि मग ती फळ्यावर लिहायची. बसवराजच्या म्हशीला रेडकू झालं. सकीनाच्या घरी नवी चूल घातली. गावविहिरीचं पाणी एक पायरी खाली गेलं. बाहेरच्या माणसाला यात बातमी कुठं आहे असं वाटेल, पण आम्ही ती ऐकायला कान टवकारून बसायचो. आपल्या घरची म्हैस फळ्यावर आली की पोरगं दिवसभर ताठ मानेनं फिरे. गावात सिस्टरांना कुणी नावानं ओळखत नव्हतं. बातमीवाल्या सिस्टर म्हटलं की सगळ्यांना कळे.

बातमीचे नियम कडक होते. एक तर डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं. दुसरं म्हणजे ज्याची बातमी, त्याला आधी विचारायचं. यामुळे गावातली निम्मी भांडणं फळ्यावर येताच मावळली, कारण भांडणाऱ्याला जाऊन "तुमचं भांडण लिहू का" असं विचारायची हिंमत कुणात नव्हती. आणि चुकलं, तर जेवढ्या मोठ्या अक्षरात चूक केली तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती करायची. बसवराजनं एकदा उसाच्या कडेला बिबट्या पाहिल्याचं फळाभर लिहिलं. वर्ग आठवडाभर घोळक्यानं घरी गेला. पुढं कळलं की ते पाटलांचं तांबूस कुत्रं होतं. मग बसवराजनं फळाभर लिहिलं, "बिबट्या नव्हता, कुत्रा होता." त्याआधी त्याला पाटलांकडं जाऊन परवानगीही काढावी लागली. पाटील हसत हसत म्हणाले, लिही, पण कुत्रा इमानी हाय हे बी लिही.

या सगळ्यांवर त्यांचा एक प्रश्न होता, "पुढं काय?" बातमी सांगून मोकळं होता येत नसे. म्हैस व्याली म्हणून सांगितलं, की महिन्यानं त्या हजेरी घेता घेता मान वर करून विचारत, "बसवराज, रेडकाचं पुढं काय?" आम्ही आजारी पडलो, कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाची आई माहेरी गेली, सगळ्याचं पुढं काय ते त्यांच्या लक्षात असे. मोठी माणसं लहान पोरांना खूप प्रश्न विचारतात, पण उत्तरासाठी थांबत नाहीत. सिस्टर थांबायच्या. मला त्या इतक्या का आवडायच्या, याचं कारण मला फार उशिरा सापडलं आणि ते एवढंच होतं.

दुरुस्तीच्या नियमातून त्यांनी स्वतःलाही सोडलं नाही. आल्या त्याच वर्षी त्यांनी वेळ अमावस्येच्या दिवशी शाळा उघडली. आमच्याकडं त्या दिवसाला येळवस म्हणतात. सगळं गाव कुलपं लावून रानात जातं, कडब्याच्या पेंढ्यांची कोप करून पूजा करतं, आणि भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, ताकातली अंबील यांवर आडवा हात मारतं. केरळात येळवस नाही. सिस्टर घंटा वाजवून रिकाम्या वर्गात बसल्या. कुणीच येईना तेव्हा त्यांनी फळ्यावर लिहिलं, "आज सगळी मुलं न सांगता गैरहजर." दुपारी सकीनाची आई रानाकडं जाताना त्यांना एकटं बसलेलं पाहून आत गेली आणि हाताला धरून आपल्या वाट्यानं केलेल्या रानात घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तेवढ्याच अक्षरात होतं, "काल मुलं जागेवर होती. सिस्टर गैरहजर होत्या."

तेव्हापासून त्या दर येळवशीला एका मुलाच्या रानात जेवायला जात. एवढंच नाही, नाताळात चर्चमध्ये येशूच्या जन्माचा गोठा करतात, तोही त्यांनी आमच्याकडून कडब्याचा करून घेतला. आम्हाला कोप बांधता येत होतीच, फक्त आत मेंढ्या आणि बाळ ठेवायचं. चर्चमध्ये आलेले फादर म्हणाले, असा गोठा मी कुठं पाहिला नाही. सिस्टर म्हणाल्या, आता पाहिला न्हवं, मग सांगा की सगळ्यांस्नी.

मी आठवीत गेले ते वर्ष माझ्यासाठी वेगळं होतं. आमची शाळा आठवीला संपत होती. नववीसाठी मुरुमला जायचं तर एसटीशिवाय मार्ग नव्हता, आणि सकाळची एसटी आमच्या फाट्याला थांबत नव्हती. हात केला तरी धुरळा उडवून निघून जायची. माझी अक्का असा धुरळा खात एक पावसाळाभर फाट्यावर उभी राहिली. कधी ट्रॅक्टरवर बसून गेली, कधी परत आली. शेवटी अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिला घरी बसवलं आणि पुढच्या उन्हाळ्यात गावातच तिचं लग्न लावून दिलं. मला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, बस थांबली तर शाळा, न्हाय तर न्हाय. अप्पा वाईट नव्हते. पोरीला ट्रॅक्टरवर बसवून पाठवायचं त्यांच्या जिवावर यायचं. पण माझं काय होणार, ते आता त्या लाल गाडीच्या ब्रेकवर होतं.

मी माझ्या पाळीला बातमी म्हणून तेच लिहिलं, "आजही बस थांबली नाही." माझी पाळी झाल्यावर दुसऱ्यांनीही तेच लिहिलं, कारण फाटा सगळ्यांचाच होता. एकानं पुढं जोडलं, ड्रायव्हर माजोरी आहे. सिस्टर त्या शब्दापाशी थांबल्या. ड्रायव्हरला कुणी विचारलंय का, असं त्यांनी विचारलं. थांबतच नाही तर विचारणार कसं, असं आम्ही म्हणालो. मग विचारल्याबिगर हा शब्द फळ्यावर राहायचा न्हाय, असं म्हणून त्यांनी तो पुसायला लावला. मला राग आला. माझं शिक्षण हातातून चाललं होतं आणि यांना ड्रायव्हरच्या मनाची पडली होती.

त्या येळवशीला सिस्टर आमच्या रानात जेवायला आल्या. आमचं रान फाट्याला लागून आहे. पंगत बसली होती, अप्पा विहिरीवर बैलांना पाणी दाखवायला गेले होते. सकाळी गेलेली तीच एसटी मुरुमहून परत येताना लांबून दिसली. सगळा मुलूख रानात असल्यामुळं गाडी जवळजवळ रिकामी होती. सिस्टर भज्जीचा हात तसाच ठेवून उठल्या आणि आईला विचारू लागल्या, "आज रस्त्यानं जाणाऱ्याला जेवल्याबिगर सोडत न्हाईत ना तुमी?" आई म्हणाली, न्हाय सोडत. "मग ड्रायव्हर बी रस्त्यानंच चाललाय की."

आईनं अंबिलीची बिंदगी माझ्या डोक्यावर दिली. सिस्टरांनी पेला घेतला. आम्ही दोघी रस्त्यात जाऊन उभ्या राहिलो. एक राखाडी साडीतली सिस्टर आणि डोक्यावर मडकं घेतलेली पोरगी. येळवशीच्या दिवशी डोक्यावर अंबील घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ओलांडून जाईल असा ड्रायव्हर आमच्या भागात जन्मलेला नाही. गाडी थांबली.

ड्रायव्हरमामा खाली उतरले. पन्नाशीचे, बुटके, डोळ्यांखाली काळं. सिस्टरांनी पेला भरून दिला आणि ते निम्मा प्यायल्यावर सरळ विचारलं, रोज का थांबत नाही म्हणून. मामांनी पेल्यातून वर पाहिलं.

"थांबत होतो की पयले," ते म्हणाले. "पोरं मागं शिडीला लटकायची. एक पोरगं पडलं, हात मोडला त्याचा. मला घेरलं तुमच्या गावानं. एकानं कॉलर धरून खाली वढलं. वर डेपोत चौकशी लागली, ती वायलीच. तवापासनं तुमच्या फाट्याला आलं की पाय ब्रेककडं जातच न्हाय बगा, सिस्टर."

शिडीवरून पडलेलं पोरगं म्हणजे माझा चुलतभाऊ मल्लू. तो पडल्याचं मला माहीत होतं, पुढचं नव्हतं. तेवढ्यात बैल बांधून अप्पा बांधावरून आले, डोक्याला पिवळा पटका, तोंडावर येळवशीचं हसू. ड्रायव्हरमामांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि अप्पा होते तिथंच थांबले. मामांनी राहिलेली अंबील तशीच ठेवून पेला रस्त्याच्या कडेला दगडावर ठेवला आणि ते गाडीत चढले. कॉलर कुणी धरली होती ते मला विचारावं लागलं नाही.

येळवशीला घरच्या रानातनं माणूस पेला टाकून उठून जाणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्यांनाच कळेल. एरवी कुणी दारात येऊन शिव्या दिल्या असत्या तर अप्पांनी दुप्पट दिल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी दगडावरचा पेला उचलून आणला. दुपारभर ते कोपीच्या सावलीत बसून राहिले. आईनं खीर वाढली ती तशीच राहिली. ऊन उतरल्यावर सिस्टर निघाल्या तेव्हा त्यांना सोडायला अप्पा आणि मी गेलो. अर्ध्या वाटेत सिस्टर म्हणाल्या, "अप्पा, बसची बातमी आमी अर्धीच लिवलीया. राहिलेली अर्धी तुमची हाय. नियमापरमानं तुमाला इचारते. लिवू का?"

अप्पा चालत राहिले. चर्चचा क्रूस दिसायला लागला तेव्हा म्हणाले, "लिवू नका. म्या बगतो काय ते."

"बगतो म्हंजे? पुढं काय?"

"पाहिलेलंच लिवता न्हवं तुमी? मग सकाळी या फाट्यावर."

सकाळी सिस्टर आल्या, सगळा वर्ग आला. अप्पा फाट्यावर आधीच उभे होते. आदल्या दिवशीची अंबील बिंदगीत होती, चांगली आंबलेली. घासून लख्ख केलेला तोच पेला हातात होता. गाडी आली ती नेहमीसारखी भरलेली. अप्पांनी हात केला नाही, फक्त भरलेला पेला वर धरला. गाडी आमच्यासमोरून पुढं गेली. मला अक्का आठवली, तिचं त्या धुरळ्यातलं तोंड आठवलं. मग चिंचेच्या झाडापाशी ब्रेक लागल्याचा आवाज आला.

अप्पा चालत गेले, धावले नाहीत. ड्रायव्हरच्या खिडकीशी उभं राहून त्यांनी पेला वर दिला. काहीतरी बोलले. मामा पेल्याकडं बघत बसले, आणि मग त्यांनी तो एका दमात रिकामा करून खाली दिला. अप्पांनी डोक्याचा पटका काढून काखेत धरला होता. माझ्या वडिलांना चारचौघांत उघड्या डोक्यानं उभं राहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही.

शाळेत गेल्यावर मी फळ्यावर लिहिलं, "आज बस थांबली." सिस्टरांनी विचारलं, दोघं काय बोलले. मी म्हणाले, ऐकू आलं नाही. "मग तेवढंच ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.

पण पुढं काय, हा प्रश्न त्यांनी सोडला नव्हताच. बस थांबायला लागली, तर शिडीला लटकणारी पोरंही पुन्हा लटकणार. म्हणून त्यांनी व्हरांड्यात बाक लावून एसटी केली. खडूनं दरवाजा आखला. सिस्टर ड्रायव्हर, हातात ताटाचं स्टीअरिंग. मल्लूचा धाकटा भाऊ शिडीला लटकणारा, कारण घरात अनुभव होता. माझ्या गळ्यात त्यांनी आपली कापडी पिशवी अडकवली आणि मला कंडक्टर केलं. रांगेनं चढायचं, उतरणाऱ्याला आधी वाट द्यायची, सगळे आत आल्याशिवाय डबल बेल द्यायची नाही. बेल म्हणून मी पट्टीनं बाक वाजवायची. बरेच दिवस हा खेळ चालला. सिस्टर इतक्या जोरात गाडी चालवायच्या की पुढच्या बाकावरची मुलं खरोखर डुलायची.

जूनमध्ये मी रांगेत उभी राहून मुरुमच्या बसमध्ये चढले. अप्पा सोडायला फाट्यापर्यंत आले होते. त्यांनी मामांना हात केला आणि मामांनी हॉर्न दिला. अक्काच्या वेळी कुणी येळवशीला बस अडवली नाही, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं आणि आजही वाटतं. अक्का स्वतः म्हणते, जाऊ दे, तुझ्यामुळं माझी पोरगी तरी जाते. ती हे हसून म्हणते, म्हणून आणखी वाईट वाटतं.

मी बारावीत असताना सिस्टरांची बदली झाली. सिस्टर लोकांची बदली म्हणजे वरून हुकूम येतो आणि एका पेटीत संसार आवरतो. निरोपाला त्या फाट्यावरूनच गेल्या, त्याच सकाळच्या गाडीनं. ड्रायव्हरमामांनी स्वतः उतरून पेटी वर चढवली. गाव जमलं होतं, सकीनाची आई पदर तोंडाला लावून रडत होती. मीही रडत होते. एकानं घाईघाईनं शाळेच्या फळ्यावर "सिस्टर नव्या गावी पोचल्या" असं सकाळीच लिहून ठेवलं होतं, ते त्यांच्या कानावर गेलं. गाडीच्या पायरीवरून त्या मला म्हणाल्या, "महादेवी, शाळेत जाऊन ते पूस आधी. अजून मी फाट्यावरच हाय. पोचले की मीच फोन करीन. तंवर पोचल्या म्हणून लिवायचं न्हाय."

मी जाऊन पुसलं. तिसऱ्या दिवशी शाळेत त्यांचा फोन आला, तेव्हा ते परत लिहिलं गेलं.

नंतर त्या कुठं कुठं फिरल्या आणि शेवटी केरळात म्हाताऱ्या सिस्टर लोकांसाठीच्या घरात राहायला गेल्या. मी मधूनमधून फोन करायची. एसटीत नोकरी लागली तेव्हा पहिला फोन अप्पांना केला आणि दुसरा त्यांना. मी कंडक्टर झाल्याचं सांगितलं. पलीकडून आवाज आला, "पाहिलंस का ऐकलंस?" मी म्हणाले, ऑर्डर हातात हाय, सिस्टर. त्या खूप हसल्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या, मलयाळम मराठीत मिसळायला लागलं होतं, पण फोन ठेवताना विचारलंच, "बरं, पुढं काय?" मी त्यांना रूट सांगितला.

गेल्या महिन्यात शाळेच्या जुन्या मुलांच्या ग्रुपवर एक फोटो आला. सिस्टरांचा, हार घातलेला. खाली सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. बसवराज पुण्याला असतो, त्यानं फोन केला. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्यूटीवर होते. गाडी फाट्याला थांबली. चिंचेखाली मुलं रांगेत उभी होती, दप्तरं पुढं घेऊन, सिस्टरांना कधी न पाहिलेली मुलं. एकेक करून आत आली. त्यांत अक्काची मुलगी होती. शिडीला कुणी नव्हतं, मी मागं जाऊन पाहिलं. मग डबल बेल दिली.

हे मी पाहिलेलं आहे, म्हणून लिहिलं. सिस्टर गेल्याचं मी फक्त ऐकलंय. पोचल्याचा फोन त्यांनी अजून केलेला नाही.